२८ पौंडांचा माणूस

   ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतेय. बोलण्याच्या ओघात आलेली वाक्यं थोडी नीट केली आहेत, बाकी तसंच ठेवलंय.

आज सुरुवात इतिहासापासून नाही, माझ्या घरापासून करते.

गेल्या वर्षी माझा पगार वाढला. फार नाही, पण वाढला. त्याच आठवड्यात मी हा माइक घेतला, ज्यावर हा भाग रेकॉर्ड झालाय. भिंतीला लावायला फोमचे चौकोन घेतले, वर दोन छान फ्रेमही घेतल्या. चार दिवसांनी आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, पोरीच्या फीला चार हजार कमी पडतायत. पगारातून कापून घ्या, पण आज मिळतील का?" मी मोबाइलवर शिल्लक बघितली आणि म्हणाले, "मावशी, पुढच्या महिन्यात बघते हं."

मी खोटं बोलले नव्हते. खात्यात खरंच पैसे नव्हते. गंमत बघा, पगार वाढलेल्या महिन्यातच माझ्याकडे द्यायला पैसे नव्हते.

हा प्रसंग मी विसरूनही गेले असते. पण काही महिन्यांनी या पॉडकास्टसाठी जॉन वेस्ली वाचायला घेतले. अठराव्या शतकातले इंग्लंडचे ख्रिस्ती धर्मोपदेशक, मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक. आणि सव्वादोनशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्यांच्या एका प्रवचनात मला माझा माइक आणि माझ्या फ्रेम सापडल्या. कशा, ते सांगते. त्याआधी थोडी पार्श्वभूमी.

पैशाचं काय करायचं, हा ख्रिस्ती धर्माला सुरुवातीपासून छळणारा प्रश्न आहे. येशूच्या शिकवणुकीत तो पुन्हा पुन्हा येतो. पृथ्वीवर साठवलेल्या धनाला कसर लागते, गंज चढतो, चोर ते नेतात. म्हणून जे टिकेल असं धन स्वर्गात साठवा, असं तो सांगतो. एक श्रीमंत तरुण त्याच्याकडे येतो, सगळं विकून गरिबांना द्यायला सांगितल्यावर खिन्न होऊन निघून जातो. सुईच्या नेढ्यातून जाणाऱ्या उंटाची गोष्ट तर बायबल न वाचलेल्यांनाही माहीत असते.

आता या शिकवणुकीचं करायचं काय? काहींनी ती शब्दशः घेतली. इजिप्तच्या वाळवंटात जाऊन राहिलेले साधू, किंवा कापडव्यापाऱ्याचा मुलगा असून सगळं सोडून दिलेला असिसीचा फ्रान्सिस. त्यांच्याबद्दल आदर वाटतो, पण माझ्यासारखीला त्यातून सुटायला वाटही मिळते. ते संत होते, आपण नाही, विषय संपला! वेस्लींचं वेगळेपण इथे आहे. त्यांनी लोकांना बाजार सोडायला सांगितला नाही. काम करा, कमवा, संसार करा. आणि मग त्यांनी अडचणीचा प्रश्न विचारला: कमाई आणि गरज यांच्यामधली जी रक्कम उरते, ती कोणाची?

जॉन वेस्लींचा जन्म १७०३ चा. म्हणजे इकडे औरंगजेब अजून दख्खनमध्ये अडकून पडला होता आणि महाराणी ताराबाई त्याच्याशी झुंजत होत्या, तो काळ. तिकडे इंग्लंडच्या लिंकनशायरमध्ये, एपवर्थ नावाच्या गावात, सॅम्युएल वेस्ली पाळक होते. विद्वान माणूस, पण हिशोबात कच्चा. घरात खाणारी तोंडं खूप. पत्नी सुझॅना यांना एकूण १९ मुलं झाली, त्यातली बरीच तान्हेपणीच गेली. १७०५ मध्ये तीसेक पौंडांच्या कर्जापायी सॅम्युएलना लिंकनच्या किल्ल्यातल्या तुरुंगात टाकलं. जॉन तेव्हा दोन वर्षांचा होता.

त्या काळातली एक गोष्ट सांगतात. यॉर्कच्या आर्चबिशपनी सुझॅनांना विचारलं, की घरात कधी खायला भाकरीच नाही, अशी वेळ आली का? सुझॅना म्हणाल्या, की तशी भाकरी कधी कमी पडली नाही. पण खायच्या आधी ती मिळवायची काळजी आणि खाल्ल्यावर तिचे पैसे चुकते करायची काळजी एवढी असायची, की ती असून नसल्यासारखीच. ईएमआय भरणाऱ्या कोणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको!

पुढे १७०९ च्या फेब्रुवारीत एका रात्री त्यांच्या घराला आग लागली. सगळी मुलं बाहेर आली, पाच वर्षांचा जॉन वरच्या खोलीत अडकला. शेजाऱ्यांपैकी एक जण दुसऱ्याच्या खांद्यावर चढला आणि त्याने खिडकीतून पोराला ओढून काढलं. पाठोपाठ छप्पर कोसळलं. घर, पुस्तकं, कागदपत्रं, सगळं गेलं. सॅम्युएल तिथेच गुडघे टेकून शेजाऱ्यांना म्हणाले, की देवाचे आभार माना, माझी आठही लेकरं मला मिळाली, घर जाऊ द्या, मी पुरेसा श्रीमंत आहे.

कर्जासाठी तुरुंगात जाऊन आलेला माणूस, सगळं जळत असताना, स्वतःला श्रीमंत म्हणतोय. जॉन वेस्ली ज्या घरात वाढले ते हे घर. पैसा नसल्याचा जाच काय असतो हेही त्यांनी तिथे पाहिलं, आणि श्रीमंतीचा दुसरा अर्थही तिथेच कानावर पडला.

मुलगा हुशार निघाला. ऑक्सफर्डला शिकला, १७२६ मध्ये तिथल्या लिंकन कॉलेजचा फेलो झाला. म्हणजे राहायला खोली, जेवायची सोय आणि नियमित उत्पन्न. गरिबीतून वर आलेल्या कोणत्याही मुलासारखं त्यांनीही खोली सजवायला घेतली. भिंतीवर लावायला चित्रं आणली.

एका कडाक्याच्या थंडीच्या दिवशी एक मुलगी त्यांच्याकडे आली. वेस्ली आणि त्यांचे मित्र काही गरीब मुलांच्या शिक्षणाचा खर्च करत, त्यांच्यापैकी ही एक. अंगात पातळ लिननचा झगा. वेस्लींनी विचारलं, की एवढ्या थंडीत हेच एक कापड आहे का? ती म्हणाली, एवढंच आहे. त्यांनी खिशात हात घातला. खिशात जवळजवळ काही नव्हतं. चित्रांचे पैसे नुकतेच चुकते केले होते.

हा प्रसंग वेस्लींनी म्हातारपणी, ऐंशी उलटून गेल्यावर, कपड्यांवरच्या एका प्रवचनात सांगितला. तेव्हाही जखम ओली होती. ज्या पैशाने या पोरीची थंडी भागली असती, त्याने मी भिंती सजवल्या. ही चित्रं म्हणजे या पोरीचं रक्तच नव्हे का, अशा अर्थाचं ते बोलले.

आता कळलं ना, माझ्या फ्रेम मला कुठे सापडल्या?

यानंतरचे आकडे ऐकण्यासारखे आहेत. वेस्लींनी एका प्रवचनात ऑक्सफर्डच्या एका तरुण मेथडिस्टाचा हिशोब सांगितलाय. नाव घेतलं नाही, पण तो तरुण म्हणजे ते स्वतःच, असं सहसा मानलं जातं. पहिल्या वर्षी उत्पन्न ३० पौंड. खर्च २८, दान २. दुसऱ्या वर्षी उत्पन्न ६० पौंड. खर्च? पुन्हा २८. दान ३२. तिसऱ्या वर्षी ९० पौंड आले. खर्च २८, दान ६२. चौथ्या वर्षी १२० आले, खर्च तोच २८, दान ९२.

उत्पन्न चौपट झालं आणि राहणीमान जागचं हललं नाही. आपण वाढलेला पगार म्हणजे वाढलेली गरज असं धरूनच चालतो. वेस्लींनी गरज एकदा ठरवली, आणि त्यावर जे येईल ते आपलं नाही असं मानलं. त्यांच्या विचाराचा गाभा एका मराठी शब्दात सांगता येतो: कारभारी. माणूस पैशाचा मालक नाही, कारभारी आहे. धन्याने विश्वासाने हाती दिलंय, एक दिवस हिशोब विचारला जाईल.

पण थांबा. एकट्याने खोलीत बसून साधं राहणं वेगळं आणि हजारोंना ते शिकवणं वेगळं. १७३९ च्या एप्रिलमध्ये वेस्ली ब्रिस्टलला उघड्यावर प्रवचनं द्यायला लागले. चर्चच्या चार भिंतींबाहेर बोलणं त्यांना आधी स्वतःलाच पटत नव्हतं. ऐकायला आले कोण, तर जवळच्या किंग्जवुडचे कोळसा खाणकामगार, विणकर, मोलकरणी, छोटे कारागीर. देवळात ज्यांना कोणी विचारत नव्हतं अशी माणसं.

तिथे ब्रिस्टलला प्रार्थनेसाठी एक इमारत बांधली आणि तिच्यावर कर्ज झालं. ते फेडायचं कसं, यासाठी १७४२ च्या फेब्रुवारीत बैठक बसली. फॉय नावाच्या एका कप्तानाने सुचवलं, की प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हणालं, की अनेकांना तेवढीही परवडत नाही. फॉय म्हणाले, की मग सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन. जो देऊ शकणार नाही त्याची पेनी मी भरेन. तुम्हीही प्रत्येकी अकरा जण वाटून घ्या.

आणि झालं असं, की पेनी गोळा करायला गेलेल्या माणसांना घराघरातली परिस्थिती दिसली. कोण आजारी, कोणाचं काम सुटलंय, कोण दारूत बुडालंय. कर्ज फेडायला काढलेल्या वर्गणीतून बारा-बारा जणांचे गट तयार झाले, एकमेकांची विचारपूस करणारे. हेच पुढे मेथडिस्ट चळवळीचा कणा ठरले. चळवळीची खरी कमाई ती पेनी नव्हती, तिच्या निमित्ताने दार वाजवणारा माणूस होता.

लंडनमध्ये त्यांनी तोफा ओतायचा एक जुना, पडका कारखाना घेतला होता. तिथे प्रार्थना व्हायच्या, शाळा भरायची, १७४६ पासून गरिबांसाठी मोफत दवाखाना सुरू झाला. त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट सुरू झाली, ती आपल्याकडच्या बचत गटातल्या बायकांना लगेच समजेल. कर्जाऊ द्यायचा निधी. वेस्लींनी वर्गणी मागून ३० पौंड १६ शिलिंग जमवले. नियम असा: एका वेळी जास्तीत जास्त २० शिलिंग, म्हणजे एक पौंड मिळेल आणि तीन महिन्यांत आठवड्याच्या हप्त्यांनी फेडायचं. दीड वर्षात या एवढ्याशा रकमेतून २५५ जणांना मदत झाली. हा हिशोब वेस्लींच्या रोजनिशीत आहे. तीसेक पौंड! वडील तुरुंगात गेले होते, जवळपास तेवढीच रक्कम. ते पैसे कोणाच्या पेटीत पडून राहिले असते तर तीसच राहिले असते. हातोहात फिरले, म्हणून अडीचशे घरांत पोचले.

१७६० मध्ये, पानिपतच्या आदल्या वर्षी, वेस्लींचं पैशाच्या वापरावरचं प्रवचन छापून आलं. त्यातले तीन नियम प्रसिद्ध आहेत: जमेल तितकं कमवा, जमेल तितकं वाचवा, जमेल तितकं द्या. आजच्या एखाद्या फायनान्स इन्फ्लुएन्सरने पहिले दोन उचलून रील केली असती. पण नीट वाचलं तर पहिल्याच नियमाला एवढ्या अटी आहेत, की धाप लागते.

कमवा, पण स्वतःची तब्येत विकून नाही. शिशाच्या वाफा, सोमलासारखे विषारी पदार्थ, अशी कामं त्यांनी नावानिशी सांगितलीत. झोप आणि जेवण मारून काम करू नका म्हणाले. कमवा, पण शेजाऱ्याचं नुकसान करून नाही. माणसांना दारू विकून नाही, अडलेल्याची वस्तू गहाण ठेवून घेऊन नाही. शेजारच्या दुकानदाराचा धंदा बसावा म्हणून बाजारभावाच्या खाली माल विकून नाही. त्याला हवी असलेली माणसं फोडून नाही. दहा मिनिटांत डिलिव्हरी आणि निम्म्या किमतीच्या काळात हे पुन्हा वाचून बघा.

हीच कसोटी लावून त्यांनी १७७४ मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका काढली. तो व्यापार देशाला हवा असेल, संपत्ती आणत असेल, तरी अशी संपत्ती नको, गरिबी बरी, ही त्यांची भूमिका. मरणाच्या सहा दिवस आधी, २४ फेब्रुवारी १७९१ ला, त्यांनी विल्यम विल्बरफोर्सना या लढ्यासाठी बळ देणारं पत्र लिहिलं. ते त्यांच्या शेवटच्या पत्रांपैकी एक.

दुसरा नियम, वाचवा. म्हणजे साठवा असं नाही. जिभेच्या चोचल्यांवर, दिखाव्यावर, लोकांच्या वाहवेवर उधळू नका. आणि तिसरा, द्या. त्याचाही क्रम त्यांनी सांगितला. आधी स्वतःच्या गरजा: अन्न, वस्त्र, प्रकृती. मग बायकापोरं आणि घरात काम करणारी माणसं. मग आपले श्रद्धाबंधू. मग सगळे. घर उपाशी ठेवून दान करा, असं ते कुठेही म्हणत नाहीत. आणि "घरात काम करणारी माणसं" हे त्यांनी कुटुंबाच्या ओळीतच बसवलंय, हे वाचताना मी जरा थांबले.

माणूस स्वतः कसा होता? १७७६ मध्ये चांदीच्या भांड्यांवर सरकारी कर होता. करखात्याला वाटलं, एवढा प्रसिद्ध माणूस, पुस्तकं धडाधड खपतायत, चांदी लपवली असणार. त्यांनी वेस्लींना विचारणा केली. उत्तर आलं दोन-तीन ओळींचं: माझ्याकडे लंडनला दोन चांदीचे चमचे आहेत आणि ब्रिस्टलला दोन. आजूबाजूला इतक्यांना भाकरी मिळत नसताना आणखी घेणार नाही.

१७८५ च्या जानेवारीत ते ८१ वर्षांचे होते. लंडनमधल्या गरिबांना दर वर्षी कोळसा आणि भाकरी वाटायचे. त्या वर्षी लक्षात आलं, की कपडेही नाहीत. म्हणून हा म्हातारा माणूस दारोदार मागत फिरला. रस्त्यांवर वितळणारा बर्फ, घोट्यापर्यंत गार चिखल, सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाय त्यातच. पाच दिवसांत २०० पौंड जमले आणि ते आजारी पडले. ऑक्सफर्डच्या त्या पातळ झग्यातल्या मुलीला पन्नासेक वर्षं होऊन गेली होती. माझा अंदाज सांगते: ते अजून तिच्यासाठीच फिरत होते.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण मला वेस्ली जवळचे वाटतात ते यापुढच्या भागामुळे. कारण यापुढे ते हरतात.

त्यांचं ऐकून लोक बदलले. दारू सुटली, जुगार सुटला, कामाला वेळेवर जायला लागले, उधळपट्टी थांबली. मग काय होणार? हाती पैसा राहिला. खाणकामगाराचा मुलगा दुकानदार झाला, दुकानदाराचा मुलगा व्यापारी. आणि पैसा आला तशा सवयी आल्या, दिमाख आला, देणं आटलं. १७८६ मध्ये वेस्लींनी हे चक्र स्पष्ट लिहून ठेवलं: खऱ्या धर्मातून कष्ट आणि काटकसर येते, त्यातून संपत्ती येते, आणि संपत्ती वाढली की धर्माचं सत्त्व कमी होत जातं. बाहेरचं रूप राहतं, प्राण निघून जातो. स्वतःच्या यशातच अपयशाचं बी आहे, हे त्यांना कळलं होतं. यावर एकच उपाय त्यांना सुचला. जे कमवतात आणि वाचवतात त्यांनी तितकंच द्यायलाही हवं.

याचं एक मासलेवाईक उदाहरण म्हणजे जेम्स लॅकिंग्टन. सॉमरसेटचा गरीब चांभार, लंडनला आलेला, मेथडिस्ट. १७७५ मध्ये त्याने वेस्लींच्या निधीतून ५ पौंड कर्ज घेतलं आणि जुन्या पुस्तकांचं दुकान वाढवलं. उधारी बंद, भाव कमी, खप जास्त. काही वर्षांत तो लंडनमधल्या सगळ्यात मोठ्या पुस्तकविक्रेत्यांपैकी एक झाला, फिन्सबरी चौकात त्याचं भव्य दुकान उभं राहिलं, स्वतःची घोडागाडी आली. १७९१ मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिलं, त्यात ज्यांच्या पाच पौंडांवर तो उभा राहिला त्या मेथडिस्टांची यथेच्छ टिंगल केली. पहिला नियम पैकीच्या पैकी, दुसराही, आणि तिसऱ्याच्या जागी चेष्टा. पुढे १८०४ मध्ये त्याने दुसरं पुस्तक लिहून त्याची माफी मागितली आणि नंतर स्वतःच्या खर्चाने मेथडिस्ट प्रार्थनाघरं बांधली. पण ते पाहायला वेस्ली नव्हते.

वेस्लींनी पाहिलं ते वेगळंच. १७८९ मध्ये डब्लिनच्या एका प्रवचनात त्यांनी थेट हिशोब मांडला: पहिला नियम पाळणारे पुष्कळ आहेत, दुसरा पाळणारे थोडे. पण तिसरा पाळणारे ५० हजार मेथडिस्टांमध्ये ५०० तरी सापडतील का? शंभरातला एक. ८६ वर्षांचा माणूस स्वतःच्या आयुष्यभराच्या कामाबद्दल हे बोलतोय.

पुढच्या वर्षी, जुलै १७९० मध्ये, त्यांनी जमाखर्चाची वही बंद केली. थरथरत्या हाताने शेवटची नोंद केली: आयुष्यभर हिशोब चोख ठेवला, आता पुढे ठेवत नाही, जमेल तेवढं वाचवतो आणि जमेल तेवढं, म्हणजे माझ्याकडे असेल ते सगळं, देतो, याची मला खात्री आहे.

पूर्वी, १७४३ मध्ये, त्यांनी जाहीर आव्हान दिलं होतं: कर्ज आणि पुस्तकं वगळता मी मरताना दहा पौंड जरी मागे ठेवले, तरी मला चोर आणि दरोडेखोर म्हणा. २ मार्च १७९१ ला ते गेले. पुस्तकांचा साठा आणि छपाईचं सामान चळवळीच्या कामासाठी ठेवलं होतं. खिशात आणि टेबलाच्या खणात जी नाणी सापडतील ती काही प्रचारकांना वाटायची होती. एक इच्छा मात्र खास होती. शववाहिनी नको, बग्गी नको, थाटमाट नको. सहा गरीब माणसांनी खांदा द्यावा आणि प्रत्येकाला एक पौंड द्यावा. गर्दी होईल म्हणून अंत्यविधी पहाटेच उरकला.

आता दुसरी बाजूही बघूया. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी प्रोटेस्टंट विचार आणि भांडवलशाही यांच्या नात्यावर लिहिताना वेस्लींचं ते चक्र पुरावा म्हणून वापरलं. इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९६३ मध्ये त्याहून कडक टीका केली: मेथडिस्ट शिस्तीने गिरणीमालकांना निमूट राबणारे मजूर मिळवून दिले. ही टीका झटकून टाकण्यासारखी नाही. वेस्लींनी देणाऱ्याच्या मनावर जेवढं लिहिलं, तेवढं मजुरीच्या दरावर लिहिलं नाही.

आणखी एक. २८ पौंडांचं गणित एकट्या माणसाला, कॉलेजच्या खोलीत, सोपं जातं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. १७५१ मध्ये त्यांनी एका सधन विधवेशी लग्न केलं. तिचे पैसे त्यांनी तिच्याच नावावर राहू दिले, हे खरं. पण संसार काही जमला नाही. सतत प्रवासात असलेल्या नवऱ्याबरोबर तिची फरफट झाली. ज्याचं वेळेचं आणि पैशाचं दान जग मोजतं, त्याच्या घरच्यांना काय उरतं, हा प्रश्न त्यांच्या बाबतीतही विचारायलाच हवा.

असं जगून बघणारे आपल्याकडेही होते. मुंबईत अपोलो बंदरला बोवेन मेमोरियल मेथडिस्ट चर्च आहे. त्याला ज्यांचं नाव दिलंय ते जॉर्ज बोवेन, अमेरिकेतले, सुखवस्तू घरातले. १८४८ मध्ये मिशनरी म्हणून मुंबईत आले आणि दुसऱ्याच वर्षी मिशनचा पगार नाकारला. गावाच्या बाजारवस्तीत साध्या खोलीत राहायचे, शिकवण्या करून पोटापुरतं मिळवायचे, 'बॉम्बे गार्डियन' चालवायचे. पुढे ते मेथडिस्ट झाले. १८८८ मध्ये मुंबईतच वारले. वेस्लींचा प्रश्न त्यांनी आपल्या शहरात चाळीस वर्षं जगून दाखवला.

तर मग टिकणारं धन म्हणजे काय? पूर्वी मला वाटायचं, की हे मेल्यानंतरच्या जगाबद्दलचं बोलणं आहे. वेस्लींचा त्यावर विश्वास होताच, आणि ज्यांचा आहे त्यांनी तो जरूर ठेवावा. पण त्यांचं आयुष्य वाचताना मला त्याचा इथलाही अर्थ दिसला. चित्रं गेली, चमचे गेले. फॉयने वाजवलेली दारं, त्या २५५ जणांची पुन्हा सुरू झालेली कामं, थंडीत मिळालेलं कापड, हे कोणत्याही वहीत शिल्लक म्हणून दिसत नाही. पण त्याला कसरही लागत नाही.

आता मावशींचं सांगते. पुढच्या महिन्यात मी त्यांना चार हजार दिले. त्यांनी घेतले आणि म्हणाल्या, "बरं झालं ताई, आता सोनाराकडे भरते." फीची तारीख माझ्या पगाराच्या तारखेसाठी थांबली नव्हती. त्यांनी कानातलं गहाण ठेवलं होतं. व्याज चालू झालं होतं. मी "पुढच्या महिन्यात बघते" म्हणाले त्याची किंमत होती ती, आणि ती मी भरली नाही, त्यांनी भरली.

हे सगळं वाचून झाल्यावर मी मोबाइलच्या नोट्समध्ये एक आकडा लिहून ठेवलाय. माझे २८ पौंड. पगार कितीही वाढला तरी घरखर्च याच्यावर जाणार नाही, वरचं बाजूला जाईल आणि कोणी आज मागितलं तर आज देता येईल. सहा महिने झाले. दोनदा मोडला, खरं सांगते. एकदा कारण खरं होतं, एकदा सेल होता.

पण आकडा पुसलेला नाही. तुमचाही एक लिहून ठेवा. मला कळवू नका, कोणालाच सांगू नका. फक्त पुढच्या वेळी पगार वाढेल तेव्हा उघडून बघा.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, स्वतःची आणि आजूबाजूच्यांची.